हौद्याचे अस्तर

अंजूर म्हटले की इतिहास वाचणाऱ्याला वसईच्या मोहिमेतले गंगाजी नाईक आठवतात. आमच्या घरातल्या मुलांना अंजूर म्हणजे गोदामे, आणि गोदामे म्हणजे पिकअप. चिंचोटीकडून अंजूरफाटा, तिथून माणकोली हा रस्ता ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे त्यांना या गाड्यांचे हाल वेगळे सांगायला नकोत.

माझ्या भाच्याने यंदा कर्ज काढून नवी पिकअप घेतली. सकाळी अंजूरच्या गोदामातून खोकी, दुपारनंतर शहरातून कापडाच्या गाठी, असे त्याचे काम ठरले आहे. शोरूममध्ये त्याच्या हातात जादा सामानाची यादी ठेवली गेली. सीट कव्हर, फॉग लॅम्प आणि त्याखाली ‘बेड लायनर, कंपनी फिटेड’. अंजूरफाट्याजवळचा एक गॅरेजवाला तेच काम जवळजवळ निम्म्या पैशात करून द्यायला तयार होता. घरात कोणताही छापील कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी उर्दू आणि मराठी शिकवते, गाड्यांचे मला काय कळणार? पण भाचा म्हणाला, “खाला, तुम्ही फक्त वाचून सांगा. कंपनीचं घेऊ की बाहेरचं?”

वाचण्याआधी मला शब्दांचीच गंमत वाटली. हौदा मुळात अरबी ‘हौदज’, उंटावरची पालखी. आपल्याकडे तो हत्तीवर चढला आणि हत्ती गेल्यावर ट्रकवर आला. २००५ साली टाटा एस रस्त्यावर आली आणि लोकांनी तिला छोटा हत्ती म्हणायला सुरुवात केली, तेव्हा हौदा पुन्हा हत्तीवर बसला म्हणायचा. अस्तर फारसी, दोन्ही भाषांत तेच, आणि कापडाच्या गावात ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. गंज मात्र फसवा आहे. मराठीत गंज म्हणजे लोखंड खाणारा, उर्दूत गंज म्हणजे खजिना. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. ज्याच्या गाडीचा हप्ता चालू आहे त्याला हसू येत नाही.

हे अस्तर म्हणजे दोन रसायने एकत्र करून हौद्याच्या आतून फवारलेला, रबरासारखा घट्ट थर. साधारण दीड ते तीन मिलीमीटर जाड. तो पत्र्याला चिकटून बसतो, म्हणून खाली पाणी साचत नाही. अमेरिकेत पिकअप घरोघरी असते, तिथे हा धंदा १९८०च्या दशकाअखेर वाढला आणि पुढे फोर्ड, जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांनी गाडीबरोबरच असा लायनर द्यायला सुरुवात केली. तिथल्या माणसाला ‘कंपनीचं की बाहेरचं’ हा प्रश्न खरा आहे. कंपनीचे घेतले तर हौद्यात एकही वस्तू पडण्याआधी, स्वच्छ पत्र्यावर थर बसतो आणि गाडीच्याच वॉरंटीत येतो. बाहेरचे घेतले तर जाडी, खडबडीतपणा आणि वरच्या कडांपर्यंत थर हवा की नको, हे आपल्याला ठरवता येते.

आपल्याकडे मालाच्या पिकअपचा हौदा कारखान्यातून सहसा नुसत्या रंगावर येतो. मग ‘कंपनी फिटेड’ म्हणजे काय? मी तो कागद दोनदा वाचला. लायनरची हमी एका वर्षाची होती, वेगळ्या कागदावर, आणि खाली शिक्का शोरूमचा होता. गाडी बनवणाऱ्या कंपनीचे नाव त्या कागदावर कुठेच नव्हते. म्हणजे शोरूमही काम बाहेरूनच करून घेणार. भाच्यापुढे कंपनी विरुद्ध बाहेर असा प्रश्न नव्हताच. दोन्ही बाहेरचेच होते, फक्त एका ठिकाणी एसी होता.

बॉडीवाल्यांचा तिसरा पर्याय आपल्याकडे सगळ्यांत जुना: खाली चेकर प्लेट ठोका आणि मोकळे व्हा. याचे गणित मी आठवीच्या मुलांना घातले. हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद धरा. तीन मिलीमीटर पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला साडेतेवीस किलोच्या आसपास. उत्तर येते सुमारे एकशे आठ किलो. बारा मिलीमीटर प्लायवूड घातले तर पस्तीस-छत्तीस किलो, तेही कोरडे असताना. तेवढ्याच जागेवर तीन मिलीमीटरचा फवारलेला थर पंधरा किलोच्या आतबाहेर. ज्या गाडीचे पासिंग तेराशे किलो मालाचे आहे तिच्या पाठीवर कायमचे एक क्विंटल चढवायचे, म्हणजे प्रत्येक खेपेला दोन माणसे फुकट फिरवायची. शिवाय प्लेट बसवताना भोके पाडतात नाहीतर वेल्डिंग करतात. भोकाची कड आणि वेल्डिंगने जळलेला रंग, गंज सुरू व्हायला एवढे पुरते. प्लायवूडखाली तर पाणी जूनमध्ये शिरते आणि दिवाळीपर्यंत हलत नाही. सिमेंट, भंगार, खडी वाहणाऱ्याला मात्र प्लेटच हवी, तिथे रबराचा थर टिकणार नाही. पण कापडाच्या गाठींसाठी लोखंडावर लोखंड कशाला?

इथपर्यंत माझे मत फवाऱ्याच्या बाजूने पक्के होत होते. मग भाच्याने हमालांना विचारले. हे त्याला सुचले याचा मला आनंद आहे, कारण हौद्यात उभे राहणारी माणसे तीच. त्यातले वयाने मोठे चाचा म्हणाले, “ड्रायव्हरला बरं, माल हलत नाही. आम्हाला काय? खोका सरकत नाही, प्रत्येक वेळी उचलावा लागतो.” खडबडीत थरावर चाळीस किलोचे खोके ओढून बघा, कंबर सांगेल ते काय म्हणतात. माहितीपत्रकात घट्ट पकड हा गुण म्हणून छापलेला असतो. गुण कुणासाठी, हे त्यात नसते. तोडगा त्यांनीच सुचवला: फाळक्याजवळचा दोन फुटांचा पट्टा गुळगुळीत ठेवा. फवारणाऱ्याला विचारले, तर तसे करता येते. पोत त्याच्या हातात असतो.

आता गॅरेजचे. हा थर कुठल्याही पत्र्यावर छान दिसतो, गंजलेल्यावरसुद्धा. जुन्या गाड्यांच्या बाजारात काळा, नवाकोरा दिसणारा हौदा पाहिला की मला ती हदीस आठवते. पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पाऊस पडला होता. त्यावर त्यांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस. जुनी पिकअप घेणाऱ्याने हौदा वरून बघू नये, खाली वाकून चेसिसच्या बाजूने पत्रा बघावा. अस्तर तिथे पोहोचत नाही.

नव्या गाडीतही फसगत होते ती तयारीत. रंग पॉलिश पेपरने घासून खरखरीत करायचा, तेलाचा अंश पुसायचा, हौदा पूर्ण कोरडा करायचा. यात अर्धा दिवस जातो आणि फवाऱ्याला काही मिनिटे लागतात. घाई झाली तर थर कडेपासून सोलून निघतो. त्यात आपली हवा. या रसायनातला आयसोसायनेट पाण्याशी भिडला की वायू तयार होतो आणि थरात बुडबुडे धरतात. काही प्रकार ओल जास्त सोसतात, पण ओल्या पत्र्याला घट्ट धरेल असा एकही नाही. खाडीच्या काठी, जुलै महिन्यात हे काम करून घेणे म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः. शोरूमवाल्याला गाडी आठवड्यात द्यायची होती. गॅरेजवाला निदान म्हणाला, “पावसानंतर या.” मला त्याचे हे एक वाक्य एका वर्षाच्या शिक्क्यापेक्षा जास्त पटले.

मी भाच्याबरोबर ते गॅरेज बघायला गेले. फवारण्याची गन हातात घेऊन उभा असलेला मुलगा माझा विद्यार्थी निघाला, दहावीनंतर शाळा सोडलेला. “सलाम, टीचर,” म्हणाला आणि तोंडावरचा रुमाल खाली केला. रुमाल! आयसोसायनेटची वाफ रुमालातून आरपार जाते. एकदा छातीला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या वासानेही दम लागतो, आणि मग ते काम सोडण्याशिवाय इलाज राहत नाही. या कामाला बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क लागतो. तो महाग असतो. निम्म्या भावात काम कसे परवडते, याचा थोडा हिशेब मला तिथे दिसला. शोरूमचे काम कोण करतो हे मी पाहिलेले नाही, पण तेही असल्याच एखाद्या शेडमध्ये होत असावे असा माझा अंदाज आहे.

भाच्याने सध्या जाड रबरी मॅट टाकली आहे, दर जुम्याला उचलून खाली धुतो आणि वाळवतो. लायनरचे काम नोव्हेंबरात ठरले आहे. घासणे आणि कोरडे करणे त्याच्यासमोर होईल, हे गॅरेजवाल्याने बिलावर लिहून द्यायचे कबूल केले. मास्कचे विचारले तेव्हा तो म्हणाला, “टीचर, बघतो.” मी म्हटले, मास्क आला की गाडी येईल. त्याने मान हलवली, हो की नाही ते कळले नाही. मुलगा मात्र हसला आणि रुमाल पुन्हा वर ओढून कामाला लागला.