चिनीमातीची शिल्पे आणि जांबच्या मूर्ती

गोदेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीतून घनसावंगीस येऊन आम्ही पुढे त्याच तालुक्यातील जांबेस गेलो. समर्थ रामदासांचे हे जन्मस्थान. येथील राममंदिरातील मूर्ती 2022 च्या ऑगस्टात चोरीस गेल्या व पुढे पोलिसांच्या हाती लागल्या, ही हकीकत ऐकून आमच्याबरोबरच्या एका मुलाने विचारले, "तशाच दुसऱ्या घडविल्या असत्या तर?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील मध्यम स्थितीच्या गृहस्थांनी तो आपल्यापुरता सोडविलाच होता. रोमचे संगमरवर त्यांच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून स्टोक येथील कोपलंड व मिंटन यांच्या कारखान्यांनी 1840 नंतरच्या दशकात संगमरवरासारखी दिसणारी, झिलईवाचून मऊ भासणारी चिनीमाती काढली. पारोस बेटाच्या प्रसिद्ध दगडावरून तिला पॅरियन म्हणू लागले. चेव्हर्टनच्या यंत्राने मोठ्या पुतळ्याची हुबेहूब लहान प्रतिकृती करता येई. तीवरून प्लास्टरचे साचे घेत, त्यांत पातळ माती ओतीत, आणि हात, मस्तक, धड निरनिराळे काढून सांधीत. भट्टीत माती बरीच आकसे, तेव्हा एखादे बोट वाकडे झाले की सारा खटाटोप फुकट! ब्रिटिश म्युझियममधील क्लायटीचा अर्धपुतळा लंडनच्या आर्ट युनियनने 1855 साली याच मातीत काढविला. या संस्थेच्या वर्गणीदारांस सोडतीत अशा वस्तू मिळत. दुकानदाराच्या दिवाणखान्यात शिल्प आले, हे आम्हांस थोडे वाटत नाही. मात्र काचेच्या घुमटाखाली बसविलेली ती वीतभर देवता पुष्कळदा गुळगुळीत, निर्जीव दिसते.

बड्यांची गोष्टही फार वेगळी नव्हती. 1948 पर्यंत घनसावंगी ज्या निजामी राज्यात होती, त्याचे दिवाण पहिले सालारजंग यांनी 1876 साली रोमहून आणलेली, बेन्झोनीची बुरख्यातील रिबेका हैदराबादेच्या संग्रहालयात आहे. तिच्याही अनेक प्रती त्या शिल्पकाराच्या कारखान्यातून निघाल्या होत्या!

आपणांस तरी साच्याचे वावडे कोठे आहे? पेणचे गणपती साच्यातूनच निघतात; प्राणप्रतिष्ठा झाली की प्रत्येक घरचा गणपती पूर्ण देव. जांबच्या मूर्ती समर्थांच्या घराण्यातील पूजेच्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तेव्हा घडविणाऱ्याने नाकडोळे जुळविले असते; पिढ्यापिढ्यांच्या अभिषेकांनी झिजलेला तो स्पर्श कोणत्या साच्यात ओतणार? मुलाला आम्ही एवढेच सांगितले. तो मात्र गाभाऱ्याचे कुलूप नवे आहे काय, हे पाहण्यात गुंतला होता.