पाटांची चवड, चाकांची मांडणी

आषाढ लागला की आमच्या आगरदांड्यात घरोघरचे गणपतीचे पाट माळ्यावरून खाली यायचे. पाट पुसायचा, त्यावर विडा-सुपारी ठेवायची आणि छत्रीखाली धरून कारखान्यात पोचवायचा. पाटाच्या पाठीवर कोळशाने घराचं नाव लिहिलेलं असायचं. राजपुरीच्या खाडीपलीकडून, दिघीच्या बाजूनेही होडीतून पाट यायचे. कारखाना कसला, अण्णांच्या घराची लांबलचक पडवीच ती! पण पावसाळ्याचे ते दोन-अडीच महिने ती साऱ्या वाडीची असायची.

त्या पडवीचा कोपरान्‌कोपरा मला आजही आठवतो. शेणाने सारवलेली जमीन, वर कौलं, दोन भिंतींना फळ्या आणि तिसऱ्या बाजूला बांबूचा कूड. एका कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली शाडू. साचे बाजेखाली. रंग नारळाच्या करवंट्यांत कालवलेले: पिवडी, गेरू, नीळ, काजळी. आढ्याला सुंभाने टांगलेल्या फळीवर बांबूच्या कोरण्या आणि खारीच्या केसांचे बारीक ब्रश. फळी टांगलेली, म्हणजे मुंग्याही नाहीत आणि आम्हा पोरांचा हातही पोचत नाही. कशावरही चिठ्ठी नाही, आकडा नाही. कुठली वस्तू कुठे आहे ते अण्णांना ठाऊक. डोळ्यांची आखणी चालू असताना मान वर न करता ते सांगायचे, "तिसऱ्या वाशाखाली बघ, डाव्या हाताला." आणि वस्तू तिथेच सापडायची.

तेव्हा हे सगळं आपसूक वाटायचं. पुढे कळलं, की त्या खोलीची रचना शाडूनेच ठरवली होती. शाडू गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येतो. वाळताना तो आकसतो. एका अंगाला वारा लागला आणि दुसऱ्या अंगाला नाही, तर मूर्तीला चीर जाते. त्यात श्रावणातली आपली हवा ओलीचिंब, त्यामुळे मूर्ती दिवसेंदिवस वाळत पडते. ओली मूर्ती उचलायची सोय नाही, म्हणून जिचा जो पाट त्याच्यावरच ती घडायची, वाळायची, रंगायची आणि चतुर्थीला त्याच पाटावरून घरी जायची. तोच तिचं बैठं आसन, तोच नाव-पत्ता, तीच तिची वाहतुकीची सोय. दाराशी रचलेली रिकाम्या पाटांची चवड जसजशी खाली यायची, तसतसं किती काम उरलं ते कुणालाही दिसायचं.

आणि हातांची वाण नसायची. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या. कोळीवाड्यातली माणसं संध्याकाळी यायची आणि कापूस घालून माती मळायची. लावणी आटोपलेली माणसं साच्यांना हात लावायची. पोरांच्या वाट्याला उंदीर. ज्याचा उंदीर नीट जमायचा, त्याला पुढच्या वर्षी मोदक करायला मिळायचे. पेट्रोमॅक्सच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत पडवी जागी असायची.

मग पीओपी आलं. ते मिनिटांत घट्ट होतं, आतून पोकळ राहतं, वजनाला हलकं असतं. पेण, हमरापूर, जोहे भागातून तयार पांढऱ्या मूर्ती टेम्पोने येऊ लागल्या आणि आमच्याकडे रंगकामच उरलं. पेणच्या कारागिरांचा हात मोठा. त्यांच्या मूर्ती देशभर आणि परदेशांतही जातात, तिथल्या हजारो घरांची चूल त्यांवर पेटते, हे मी आदराने लिहितो. पण आमच्या पडवीपुरतं बोलायचं तर खोलीचा नूर पालटला. मूर्ती खांद्याला खांदा लावून उभ्या राहू लागल्या. मातीच्या कोपऱ्यात रंगांचे रिकामे डबे साचले. पाट आणायची गरज संपली आणि माती मळायला येणारी माणसंही येईनाशी झाली.

२०२० साल मात्र सगळं ढवळून गेलं. १२ मेला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत पीओपीला नकार आणि नैसर्गिक मातीला पसंती होती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या किनाऱ्यावर आदळलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरं गेली. पडवीचीही कौलं उडाली, फळ्या कोसळल्या आणि बाजेखालचे बरेच साचे भिजून फुटले. चतुर्थी होती २२ ऑगस्टला. त्या वर्षी जमेल तसं निभावलं. पण खोली उभी करायची तर ती पुन्हा शाडूसाठी आणि पुन्हा सगळ्यांसाठी, हे तेव्हाच ठरलं.

आजची खोली पाहिली की वाटतं, तरुण पोरांनी कपाटं आणण्याआधी मोजपट्टी हातात घेतली, हे फार शहाणपणाचं केलं. कुठल्या उंचीच्या किती मूर्ती होतात, ओली मूर्ती दोन माणसांनी धरून वळायला किती जागा लागते, हे आधी मापलं. मग खोलीचे तीन भाग केले. दाराजवळ माती, मध्ये वाळवण आणि उत्तरेच्या खिडकीशी रंगकाम, कारण तिथला उजेड दिवसभर सारखा असतो. ओलं काम एकीकडे, कोरडं दुसरीकडे, त्यामुळे मातीची धूळ ओल्या रंगावर बसत नाही.

वाळवणीच्या मांडण्या मला सगळ्यात आवडतात. त्यांना खाली चाकं आहेत आणि चाकांना खिटी. फळ्या सलग नाहीत, पट्ट्यापट्ट्यांच्या आहेत, म्हणजे मूर्तीला खालूनही हवा लागते. उभ्या खांबांना भोकं पाडून खुंट्या बसवल्या आहेत. मूर्ती उंच असली की फळी वर सरकवायची. मूर्तीला हात न लावता अख्खी मांडणीच हळूच फिरवता येते, त्यामुळे वारा सगळ्या अंगांना सारखा लागतो. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला, कारण इथली खारी हवा साधं लोखंड बघता बघता खाते. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून फूटभर वर, ओल चढू नये म्हणून.

प्लास्टरचे साचे आता ताटाळ्यात ताटं उभी करावीत तसे खाचांत उभे राहतात. साच्यावर जो आकडा, तोच खाचेवर. रबरी साचे मात्र टांगायचे नाहीत, ते ओघळून ताणले जातात. त्यांना उन्हाआड, बंद खणात सपाट जागा. कोरण्यांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवली आहे, त्यामुळे एखादं जागेवर नसलं की लगेच दिसतं. गुडघाभर उंचीचा एक खण पोरांचा: त्यांची माती, त्यांच्या कोरण्या, त्यांचे उंदीर. आणि पाट परत आले आहेत! पोटमाळ्याखाली त्यांच्यासाठी उभे कप्पे केले आहेत आणि कप्प्याकप्प्यावर घरांची नावं आहेत.

पूर्वी दिघीला जाणारा गणपती होडीत मांडीवर धरून न्यायचे. हातात पाट, नजर लाटेवर आणि तोंडाने मोरया. आता टेम्पो फेरीबोटीवर चढतो आणि मूर्ती पाटासकट खोक्यात घट्ट बसून खाडी ओलांडते. ती मांडीची ऊब गेली याची हुरहुर मला आहे. पण मूर्तीचा हात किंवा सोंड दुखावत नाही, याचं समाधानही तेवढंच आहे.

अण्णा गेले तेव्हा त्यांच्याबरोबर खोलीची अर्धी माहितीही गेली. खळीत डिंक किती घालायचा, कुठल्या साच्याचा कान आधी सोडवायचा, हे त्यांच्या हातालाच ठाऊक होतं. त्यांच्यासारखं पाठ असणं ही मोठी गोष्ट. पण त्या पाठांतराला दुसरा वारस नव्हता. पूर्वी हत्यार हवं तर अण्णांना विचारावं लागायचं, आणि पडवीत ऊठबस नसलेल्या माणसाला ते विचारणं जड जायचं. बायका तर बहुतेक दारातूनच बघून परत जायच्या. आज लग्न होऊन आलेली सून दुपारचा तास काढून येते, आकडा पाहून साचा घेते, काम करते आणि वस्तू जागच्या जागी ठेवून जाते. मुंबईहून सुट्टीवर आलेला भाचा पहिल्याच दिवशी कामाला लागतो. मांडणीने खोलीची किल्ली सगळ्यांच्या हाती दिली, ही या नव्या रचनेची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट.

चतुर्थी झाली की मांडण्या भिंतीशी सरकतात आणि मोकळ्या जागेत आकाशकंदील होतात, शाळेच्या पोरांची चित्रं होतात. जुनी पडवी भाद्रपदात मिटायची, ही खोली बारा महिने चालते. किनाऱ्यावर अशा पडव्या अजून गावोगावी आहेत, काहींची डागडुजी आता होईल. ती करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच: तुमच्याकडचे अण्णा अजून असतील तर आधी त्यांच्याजवळ बसा, कुठली वस्तू कुठे आणि का ठेवतात ते वहीत उतरवून घ्या आणि मगच सुताराला बोलवा.