इवलासा लूप, अख्खा नेम

बोटाच्या पेराएवढ्या दोरीमुळे माझी हनुवटी सुजली, हे ऑफिसात कुणालाच पटेना. ‘कुणाशी मारामारी केलीस गं?’ असं विचारून झालं सगळ्यांचं.

मारामारी कसली, माझाच आळस नडला. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कम्पाउंड आर्चरीत वर्ल्ड चॅम्पियन झाले आणि मला हे खूळ लागलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी मैदानावर!

आता या धनुष्याची गंमत ऐका. यात दोरी शक्यतो बोटांनी ओढत नाहीत. बाणाची खाच दोरीवर जिथे बसते, तिच्या वर आणि खाली गाठी मारून एक छोटा तुकडा बांधतात. आकार इंग्रजी ‘डी’सारखा, म्हणून डी-लूप. हातातल्या रिलीजचा हुक त्यात अडकवायचा आणि ओढायचं. बोटांनी सोडलेली दोरी घसरताना किंचित बाजूला सरकते आणि बाण वळवळत निघतो. लूपमुळे ओढ बरोब्बर बाणाच्या मागे येते. हुक उघडला, की लूप सटकतो आणि दोरीबरोबर पुढे झेपावतो. बाण निघून जातो, लूप मात्र दोरीवरच राहतो. पुढच्या बाणासाठी.

पण दर वेळी हुक घासून तो झिजतोही. गाठी सुटू नयेत म्हणून लूपची टोकं लायटरने वितळवून मणी करतात. माझा एक मणी तुटायला आला होता. दिसत होतं हो मला! पण ‘बघू पुढच्या रविवारी’ चालू होतं. एकदा धनुष्य अर्धं खेचलं आणि गाठ निसटली. बाण गवतात, माझी मूठ माझ्याच हनुवटीवर! पुढे कुणी नव्हतं, हे नशीब.

खरा त्रास नंतर झाला. नवा लूप होता, पण मनात धास्ती. धनुष्य खेचलं रे खेचलं, की मी घाईघाईने ट्रिगर दाबून मोकळी. बाण कुठेही! शेवटी सरांनी लूप कापूनच टाकला. म्हणाले, ‘आता तूच बांध.’ दोन गाठी, दोन मणी, पकडीने ताणून बघितलं. तीनदा.

मग खेचलं. घाई न करता पाठीने ओढत राहिले. हुक कधी उघडला, कळलंच नाही.

बाण लाल रंगात. पिवळा अजून लांब आहे. पण आता दर रविवारी पहिला बाण लावायच्या आधी मी लूप बघते. मगच नेम.