एकटीसाठी कोण भाकरी थापतं?

हुमनाबाद तालुक्यातल्या दुबलगुंडीत माझी आत्या राहते. आतोबा गेले आणि तिनं भाकरी करणं सोडलं. एकटीसाठी कोण पीठ मळणार, हा तिचा सवाल. कर्नाटकात 2013 साली अन्नभाग्य योजना सुरू झाल्यापासून रेशनचा तांदूळ घरात असतोच. सकाळी चहा, दुपारी भात, रात्री उरलेला भात. भाताला दोष देण्यात अर्थ नाही. ज्वारी, ताक, अंबाडीची भाजी, सगळंच ताटातून उठून गेलं होतं.

मग पोट बिघडलं. कधी दिवसेंदिवस साफ होत नसे, कधी जेवता जेवता पळावं लागे. पहाटे जाग यायची ती पुन्हा झोप नाही. लग्नकार्याला जाणं थांबलं, शेजारणीवर उगाच खेकसणं वाढलं. गाव म्हणालं, दुःख. घरचे म्हणाले, ॲसिडिटी.

रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळं ठीक निघालं तेव्हा ती जास्तच खचली. आपलं दुखणं खोटं ठरलं, असं तिला वाटलं. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं: आयबीएस. यात आतड्याला जखम दिसत नाही. आतडं आणि मेंदू यांच्यातली निरोपांची देवाणघेवाण बिघडते. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशींचं जाळं असतं. मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस नसेतले बहुतेक तंतू निरोप खालून वर नेतात. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, पण ते थेट मेंदूत शिरत नाही. पोटाच्या आरोग्याच्या जाहिराती एवढंच सांगायचं विसरतात. 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांना एक लॅक्टोबॅसिलस जिवाणू खाऊ घातला तेव्हा त्यांची भीती कमी झाली. व्हेगस कापलेल्या उंदरांत तो परिणाम दिसला नाही. अर्थात उंदीर म्हणजे आत्या नव्हे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण त्याआधी विचारलं, जेवायला सोबत कोण असतं?

ज्वारी हळूहळू वाढवायला सांगितली, कारण तंतुमय अन्न एकदम वाढवलं तर गॅस होतो. आतड्यातले जिवाणू हे तंतू आंबवून ब्युटिरेट बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. आता आत्या आणि ती शेजारीण आळीपाळीनं भाकऱ्या थापतात, एकत्र जेवतात. गुण गोळ्यांचा, ज्वारीचा की गप्पांचा, हे वेगळं काढता येत नाही. आत्या मात्र ठामपणे ताकाचं नाव घेते.

पोट अजून अधूनमधून बिघडतं, विशेषतः पेन्शन लांबली की.