दाराशी नेलेला रंग

पौषातल्या सकाळी चिखलदऱ्यात ऊन उशिरा उतरते. सुमारे १,११८ मीटर उंचीवरच्या या गावी खोऱ्यांतून धुके वर येते आणि पंचबोल पॉइंटपलीकडचे डोंगर दिसेनासे होतात.

परतवाड्याचे एक कापडव्यापारी कुटुंब आदल्या दिवशी मुक्तागिरीचे दर्शन घेऊन अशाच एका सकाळी तेथे आले होते. थोरल्या मुलीच्या बायोडाट्यासाठी छायाचित्र हवे होते. धाकट्या भावाने धुक्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या बहिणीची दहा-बारा छायाचित्रे घेतली. घरी येऊन पाहतो तो धुके राखाडी आणि चेहरा काळवंडलेला.

दोष मुलीचा नव्हता. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून कॅमेरा उजेड मोजतो. चौकटीत पांढरे धुके भरले, की उजेड फार झाला असे समजून तो सारेच मंद करतो. छायाचित्र घेतानाच पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड वाढवला असता, तर काम भागले असते.

आता दुरुस्ती मोबाइलवरच करायची होती. भावाने गडद भाग हळूहळू उजळले. धुके मात्र आवरून धरले, कारण निव्वळ पांढऱ्या झालेल्या भागातला तपशील परत येत नाही. निळसर झाक घालवण्यासाठी रंगांत किंचित ऊब भरली. चेहरा ओळखीचा दिसू लागला.

"अजून थोडा उजळ कर. स्थळ चांगले आहे," काका म्हणाले. मुलगी खाली पाहत राहिली. भावाचे बोट पुढे सरकले. चेहरा गोरा झाला, आणि अंगावरचा जांभळा कुडताही फिका पडला.

वडील उठले आणि दुकानातून त्याच ताग्यातला तुकडा घेऊन आले. ट्यूबलाइटखाली रंगाची खात्री न पटलेले गिऱ्हाईक कापड दाराशी नेऊन उन्हात पाहते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

"दाराशी नेऊन माल दाखवावा," ते म्हणाले, "पण दाराशी जाता जाता तो बदलू नये."

खिडकीतल्या उजेडात त्यांनी तुकडा मोबाइलशेजारी धरला. भाऊ बोट मागे घेत गेला आणि जांभळा रंग जुळला तेथे थांबला. मुलीने मोबाइल हाती घेऊन बराच वेळ पाहिले.

"हाच पाठवा, बाबा," ती म्हणाली.