दासगावची भिंत आणि दोन रंग

गेल्या डिसेंबरात तीन दिवसांची रजा टाकून आम्ही दासगावला आत्याकडे गेलो. कोकण रेल्वेने वीर स्टेशनला उतरून रिक्षाने गाव गाठले. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सावित्रीची खाडी. २५ डिसेंबर १९२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी निघालेले बाबासाहेब बोटीने येथेच उतरले आणि पुढे महाडला गेले. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत येथेच दरड कोसळून माणसे गेली. अशा गावात घर नीट राखणे ही साधी गोष्ट नव्हे.

आत्याच्या पुढच्या खोलीला रंग द्यायचा होता. भावंडांनी जमवलेले पैसे एकदाच पुरणारे. महाडहून आणलेल्या शेड कार्डावर दोन रंग निवडलेले : बदामी आणि चंदनी. घरात दोन तट पडले. आम्ही म्हणालो, "दोन्ही सारखेच. कोणताही लावा."

आत्या म्हणाली, "तुला सारखेच रे. तू परवा मुंबईला जाशील. मला रोज इथंच बसायचंय."

आम्ही वरमलो. दोन्ही रंगांचे लहान डबे आणले. जुन्या चुन्याचे पोपडे खरवडून भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवले, दोन हात दिले आणि रात्रभर वाळू दिले.

सकाळी दोन्ही जवळजवळ एकच दिसले. दुपारी ऊन अंगणातल्या तांबड्या जांभ्यावर पडले, त्याची झाक आत आली आणि बदामी चक्क गुलाबी दिसू लागला. चंदनी मात्र कार्डावरच्या बदामीसारखा उबदार झाला. रात्री पिवळ्या बल्बखाली पुन्हा फरक नाही. पण संध्याकाळी, दिवा लावण्याआधी, बदामी आधी काळवंडला. आत्याला त्याच वेळी कमी दिसते. चंदनीशेजारची दाराची काळी चौकट तिला खुर्चीतून ओळखू आली. "हाच," ती म्हणाली.

वाचकहो, कार्डावरचा रंग दोन बोटांचा असतो. चारही भिंतींना लावला की एकीची झाक दुसरीवर पडून तो गडद भासतो. म्हणून दोहोंत अडलात तर बहुधा फिकट घ्यावा. पावसाळ्यानंतर भिंत पुरती सुकू द्यावी, नाहीतर फुगे धरतात. आणि त्या खोलीत दिवसभर कोण बसते, त्यांना आधी विचारावे.

निघताना बाबासाहेबांची तसबीर पुन्हा खिळ्यावर चढली. आत्याने खुर्ची तिच्या समोर ओढली.