सहा चटयांची खोली

टोकियोत एकट्या माणसाच्या खोलीचे माप चटयांत सांगतात. तातामी म्हणजे इगुसा नावाच्या लव्हाळ्याने मढवलेली जाड चटई, साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. अशा सहा चटया मावतील एवढी जागा शंभर चौरस फुटांच्या आसपास भरते. आज बहुतेक नव्या खोल्यांची जमीन लाकडी असते, तरी जाहिरातीत माप चटयांचेच छापतात. दारात पादत्राणे काढायला एक पायरी खोल चौकोन, पुढे बोळवजा स्वयंपाकघर, ओट्यावर एक शेगडी, समोर न्हाणीघर, मग खोली, आणि सरकत्या काचेपलीकडे कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. शिकायला किंवा नोकरीला आलेला परदेशी माणूस बहुधा इथूनच सुरुवात करतो. काही जण मात्र पगार वाढल्यावरही इथेच राहतात, आणि समाधानाने राहतात.

इतक्या कमी जागेत स्वतंत्र घर बसते ते न्हाणीघरामुळे. १९६४च्या ऑलिंपिकआधी टोकियोत न्यू ओतानी हे हजारांहून जास्त खोल्यांचे हॉटेल घाईने उभे करायचे होते. एकेका खोलीत फरशा बसवत बसायला वेळ नव्हता, म्हणून टब, बेसिन आणि संडास एकत्र असलेले न्हाणीघर कारखान्यात तयार करून आणून बसवले. पुढे तीच रचना लहान भाड्याच्या खोल्यांत शिरली. १९७२मध्ये वास्तुकार किशो कुरोकावा यांनी गिंझाच्या कडेला नाकागिन कॅप्सूल टॉवर उभारला. काँक्रीटच्या दोन मनोऱ्यांना बोल्टांनी जोडलेल्या १४० पेट्या, प्रत्येक पेटी सुमारे दहा चौरस मीटरची, तिला एक मोठी गोल खिडकी. पेट्या काही वर्षांनी बदलाव्यात अशी योजना होती. ती कधीच अमलात आली नाही आणि २०२२मध्ये इमारत उतरवली गेली. त्या पेट्यांत स्वयंपाकघर नव्हते. माणसाला टेकायला जागा दिली की पुरे, हे गृहीतक तिथे कमी पडते. जिथे आपल्या हाताने भात शिजतो, तिथे परका माणूस रुजतो. साध्या सहा चटयांच्या खोलीने हे जास्त चांगले ओळखले आहे.

खोली हाती येईपर्यंत पैशाची खरी कसोटी लागते. टोकियोच्या पूर्वेकडच्या वॉर्डांत अशा खोलीला महिना साठ-सत्तर हजार येन पडतात. त्याआधी अनामत, घरमालकाला द्यायची आणि परत न मिळणारी ‘रेइकिन’ नावाची भेट, दलाली, जामीनदार कंपनीचे शुल्क अशी चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम एकदम मोजावी लागते. दोन वर्षांनी करार वाढवतानाही बहुतेक ठिकाणी एक महिन्याचे भाडे जास्तीचे जाते. शिवाय परदेशी भाडेकरू नकोच म्हणणारे घरमालक आहेतच. म्हणून ‘यूआर’ या सार्वजनिक गृहसंस्थेच्या इमारतींना परदेशी लोकांत मोठे मोल आहे. तिथे रेइकिन नाही, दलाली नाही, जामीनदार नाही, करार वाढवण्याचे शुल्कही नाही. एडोगावा वॉर्डातल्या निशिकासाईत २०००च्या सुमारास संगणक अभियंते म्हणून आलेल्या भारतीयांची वस्ती वाढली, त्यामागे या इमारती आणि ओतेमाची-निहोनबाशीकडे थेट नेणारी तोझाई मेट्रो ही दोन मोठी कारणे होती. त्यात मराठी माणसे पुष्कळ. २०१९मध्ये त्यातलेच योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले.

खोलीतली काटकसर वस्तूंपासून सुरू होते. गादी सकाळी घडी करून भिंतीतल्या कपाटात जाते आणि झोपायची जागा बसायची होते. ही घडी रोज घालावीच लागते. जपानी उन्हाळा दमट, जूनच्या पावसात भिंती घाम धरतात, आणि तीच गादी जमिनीवर पडून राहिली तर खालच्या अंगाला बुरशी येते. ऊन पडले की बाल्कन्यांच्या कठड्यांवर गाद्या लटकतात, मोठ्या चिमट्यांनी पकडलेल्या. वस्तू घेताना हात आखडतो याचे आणखी एक कारण आहे. टोकियोत कपाट, खुर्ची, सायकल अशी मोठी वस्तू टाकून द्यायची तर वॉर्डाकडे आधी वेळ ठरवावी लागते, दुकानातून पैसे भरून वस्तूवर लावायचा स्टिकर आणावा लागतो, आणि नेमल्या दिवशी सकाळी ती वस्तू दाराशी ठेवावी लागते. वस्तूची किंमत येतानाही मोजायची आणि जातानाही. हा नियम अंगवळणी पडलेला माणूस दुकानात फार वेळ उभा राहत नाही.

लहान जागेतल्या समाधानावर जपानीत फार जुना विचार झालेला आहे. कामो नो चोमेई हा क्योतोचा कवी. वादळ, आग, दुष्काळ आणि ११८५चा भूकंप यांत उद्ध्वस्त होणारी राजधानी त्याने पाहिली. उतारवयात तो हिनो डोंगरावर दहा फूट लांब, दहा फूट रुंद झोपडीत राहायला गेला. सांधे आकड्यांनी जोडलेले, म्हणजे ती मोडून दोन गाड्यांत भरून नेता यावी. आत अमिताभ बुद्धाचे चित्र, काव्याची आणि संगीताची पुस्तके, दोन वाद्ये आणि नेच्याच्या पानांचे अंथरूण. १२१२मध्ये त्याने ‘होजोकी’ लिहिले ते या झोपडीबद्दल. त्याचा सोबती होता डोंगर राखणाऱ्याचा दहा वर्षांचा मुलगा. साठीचा कवी त्याच्याबरोबर रानातली फळे आणि कंद वेचत हिंडे. शेवटी चोमेई स्वतःलाच विचारतो, की या झोपडीवर इतका जीव जडला, तो मोहच नव्हे का? लहान घराचे गुणगान करणाऱ्या कुठल्याही माणसाने हा प्रश्न विसरू नये.

त्या मुलाची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण चोमेईला सोबत मिळाली ती झोपडीबाहेर. खोली लहान असली की उरलेले घर बाहेर शोधावे लागते, आणि टोकियोत ते सापडते. खोलीतला टब गुडघे पोटाशी घेऊन बसण्याएवढा. पाय पसरायचे तर गल्लीतल्या सेंतो या सार्वजनिक स्नानगृहात जायचे. मोठ्या माणसाचा दर २०२४मध्ये ५५० येन झाला. आधी बसक्या स्टुलावर बसून अंग नीट घासून धुवायचे, मग फुजी डोंगराच्या चित्राखालच्या कढत पाण्यात उतरायचे. भारतीय माणसाला तिथला उघडेपणा सुरुवातीला जड जातो. तो संकोच गेला की रोज त्याच वेळी येणारे म्हातारे मान लववून ओळख देऊ लागतात. वॉर्डाच्या ग्रंथालयात राहता पत्ता दाखवून फुकट पुस्तके वाचायला नेता येतात, आणि हिवाळ्यात ऊबही मिळते. निशिकासाईकरांना संध्याकाळी अराकावा नदीचा बांध आहे. गणेशोत्सवात टोकियो मराठी मंडळ आहे. दिवाणखाना, अभ्यासिका आणि अंगण यांचे भाडे वेगळे भरावे लागत नाही, म्हणूनच शंभर चौरस फुटांत जीव गुदमरत नाही.

स्वयंपाकाचे मात्र घरीच जमवावे लागते. एका शेगडीवर मराठी जेवण रांधायचे तर क्रम पक्का हवा: तांदूळ विजेच्या भांड्यात लावायचे, लहान कुकरात वरण, ते उतरले की भाजी, आणि फोडणी सगळ्यांत शेवटी. विजेच्या शेगडीवर ज्योत नसते, म्हणून भाकरी तव्यावरच फडक्याने दाबत फुगवावी लागते. कडा आधी, मध्य नंतर. ज्वारीचे पीठ, तूरडाळ, पोहे निशिकासाईच्या भारतीय दुकानांत मिळतात. भाजी घ्यायची संध्याकाळी. दुकान बंद होण्याच्या सुमारास कर्मचारी नाशवंत मालावर निम्म्या किमतीची पट्टी लावत फिरतात, आणि तेव्हाच येणारी गिऱ्हाइके ठरलेली असतात.

हे सुख प्रत्येकाचे नव्हे. मुंबईतल्या बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे टोकियोतल्या या खोलीपेक्षा मोठी. पण तिथे एकेका खोलीत अख्खे कुटुंब राहत आले. तिथल्या अडचणीला काटकसर म्हणणे अन्यायाचे होईल. समाधान तेव्हाच खरे, जेव्हा दार उघडून मोठ्या घरात जाणे शक्य असते आणि माणूस जात नाही. मूल झाले, आई-वडील राहायला आले की सहा चटया कमी पडतात, आणि मग मोठे घर बघणे हेच शहाणपणाचे.

घर सोडताना हिशेब होतो तो भिंतींचा. २०२०पासून लागू झालेल्या सुधारित दिवाणी कायद्यानुसार रोजच्या वापराने झालेल्या झिजेचे पैसे भाडेकरूकडून सहसा वसूल करता येत नाहीत. फिकट पडलेला भिंतीचा कागद ही अशीच झीज. साफसफाईत हयगय करून साचू दिलेला तेलकट थर आणि मसाल्यांचा मुरलेला वास यांचे पैसे मात्र अनामतीतून कापले जाऊ शकतात. म्हणून शहाणे मराठी भाडेकरू पहिल्याच आठवड्यात शंभर येनच्या दुकानातून अॅल्युमिनियमचा पत्रा आणून शेगडीमागे उभा करतात, फोडणी देताना पंखा चालू ठेवतात, आणि दर महिन्याला पत्रा पुसतात. निघताना भात शिजवायचे भांडे, गादी आणि बुटके टेबल नव्याने आलेल्या कोणाला तरी देऊन टाकतात. त्याचा खर्च वाचतो आणि यांचा वॉर्डाचा स्टिकर.